तीनपैकी तीन

१ जुलै, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रोज पाच ओळी, न चुकता. स्पर्धेला पन्नास दिवस. देशाच्या महिला व्हॉलीबॉल संघाची आकडेवारी ठेवणारा माणूस म्हणून माझा अंदाज: उपांत्य फेरी नक्की. थोडं नशीब असेल तर पदक. शोकेसमध्ये पदकापुरती जागा आहे का, ते बायकोला विचारलं. ती म्हणाली, आधी तुमच्या फायली काढा तिथून.
दुसरा संकल्प. जिममध्ये मी बाप नाही. मुलगी संघाची सेटर आहे. म्हणजे दुसरा स्पर्श तिचा. चेंडू तिने वर उचलून द्यायचा आणि हिटरने पलीकडे हाणायचा. कोर्टावर ती मला सर म्हणते, घरी बाबा. मला हे काही जड जात नाही.

३ जुलै
पद्धत लिहून ठेवतो, पुढे पुस्तक काढलं तर उपयोगी पडेल. प्रत्येक स्पर्शाला शून्य ते तीन गुण. सेट अचूक असेल तर तीन. अचूक सेटवर चेंडू जाळ्यात किंवा बाहेर गेला, तर चूक हिटरच्या नावावर. सेटच वाकडा असेल तर हिटर सुटली. कोर्टामागच्या खुर्चीवर बसून, मांडीवर लॅपटॉप, हे सगळं मी क्षणात ठरवतो. बाई, म्हणजे आमच्या मुख्य कोच, माझ्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात.
आज मुलीचा एक सेट हातभर खाली आला. तीन दिले. फटका मारणारी कॅप्टन लवकर उडाली होती.

५ जुलै
काल राहिलं. उद्या पंधरा ओळी लिहून भरपाई.

६ जुलै
पंधरा ओळी शक्य नाहीत.
मुलगी हल्ली उडी न मारता उभ्यानेच सेट देते. याला परिपक्वता म्हणतात. फिजिओने विचारलं, घरी ती जिना कडेकडेने उतरते का. म्हटलं, तिला लहानपणापासून नखरे करायची सवय आहे. फिजिओ हसली नाही. या लोकांना विनोद कळत नाही.

१० जुलै
काळजी कॅप्टनची वाटते. तिचे यशस्वी फटके शंभरात सेहेचाळीस होते, आज छत्तीस. संघाची सगळ्यात मोठी हिटर आणि ही अवस्था. वय म्हणावं तर सव्वीस. नऊ वर्षं आमच्या घरी जेवतेय, बायकोला काकू म्हणते, मला काका. दौऱ्यांवर मुलीची रूममेट. पण आकड्यांना नातं नसतं. रिपोर्टमध्ये छत्तीस म्हणजे छत्तीसच लिहिले. असं लिहायला छाती लागते.

१४ जुलै, दुपारी
सराव सामना. पाहुण्या संघाकडून ३–१ ने हार. बाईंनी माझा रिपोर्ट हातात धरून, सगळ्यांसमोर, कॅप्टनला विचारलं की सेट इतके सुंदर मिळतात, मग तुझ्या हाताला झालंय काय. कॅप्टन बुटाशी वाकली. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसली. मुलगी पाणी प्यायला निघून गेली.
सुधारित अंदाज: उपांत्यपूर्व फेरी. तीही काही कमी नाही.

१९ जुलै
रोज चार किलोमीटर चालायचा संकल्प. बूट सापडले.
फ्रीझरमध्ये बर्फाच्या पिशव्याच पिशव्या, मटार ठेवायला जागा नाही म्हणून बायको वैतागली होती. मग अचानक दार बंद करून तिने सरळ विचारलं, पोरीचा गुडघा गेलाय ना? म्हटलं, आकडे तसं दाखवत नाहीत. ती म्हणाली, आकडे राहू देत, तुम्हाला काय दिसतं? मी म्हटलं, मला आकडे दिसतात. हे उत्तर मला तेव्हा चांगलं वाटलं.

२४ जुलै, संध्याकाळी ५
चौदा जणींची यादी आयोजकांकडे गेली. मुलगी आत. नुसती आत नाही, कॅप्टन! जुनी कॅप्टन यादीत नाही. बाई म्हणाल्या, मन घट्ट करावं लागलं, पण कागद समोर होता.
केक आणला. मुलीने खोकं उघडलंही नाही. म्हणाली, भूक नाही. जबाबदारीचं दडपण, दुसरं काय.

२५ जुलै
जुनी कॅप्टन घरी आली. मुलीच्या खोलीत राहिलेलं आपलं सामान न्यायला आली होती, बायकोला भेटून जावं म्हणून थांबली. मला म्हणाली, काका, माझं नेमकं कुठे चुकतंय ते तुम्हीच सांगा, तुम्ही सगळं मोजता. मी म्हटलं, खांदा. काहीतरी सांगायलाच हवं होतं. तिने वहीत लिहून घेतलं.
दुपारची झोप नीट लागली नाही. उकाडा.

२६ जुलै, दुपारी ४
नीट लिहितो. घाई नको.
मुलीने लॅपटॉप मागितला. १४ तारखेचा सामना लावला, शेजारी माझे गुण. चाळीस मिनिटं पाहिलं. मग एका सेटवर थांबवून विचारलं, बाबा, हे तीन? चेंडू कॅप्टनच्या कंबरेजवळ होता. मी म्हटलं, संशयाचा फायदा. पुढचा लावला. हेही तीन? मी म्हटलं, कॅमेऱ्याचा अँगल. असे एकोणीस सेट झाले.
ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं की गुडघा जूनपासून दुखतोय. तिने मनाशी ठरवलं होतं की खेळ घसरला की आकड्यांत दिसेल, बाई बसवतील, आपल्याला तोंडाने सांगावं लागणार नाही. रोज संध्याकाळी ती माझा रिपोर्ट बघायची. रोज तीन, तीन, तीन. मग तिला वाटायचं, दुखतंय ते आपल्या मनाचे खेळ असतील. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून परत उभी राहायची. म्हणाली, बाबा, मी माझ्या पायापेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला.
मी तिचं भलंच बघत होतो. खरंच बघत होतो.

२८ जुलै
यादी गेल्यावर बदल फक्त वैद्यकीय कारणाने होतो. मुलगी फिजिओला घेऊन बाईंकडे गेली. तपासणीचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, मला काढा, जुन्या कॅप्टनला घ्या, गरज पडली तर ती सेटही देते. बाईंनी सही केली. कॅप्टनला फोन गेला.
गुणांचं तिने काढलंच नाही. मला म्हणाली, ते तुमचं तुम्ही सांगा. बाईंना आणि कॅप्टनलाही.
उद्या सांगतो.

३० जुलै
बाई कामात होत्या.

१ ऑगस्ट
कामात नव्हत्या. केबिनच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी काय म्हणून विचारलं. स्टेपलर मागितला. आता माझ्याकडे तीन स्टेपलर आहेत.

५ ऑगस्ट
तोंडावर स्पर्धा असताना संघाचं लक्ष विचलित करणं हा देशद्रोहच नाही का? स्पर्धेनंतर शांतपणे सांगावं. मुद्दे काढून ठेवले.
जेवताना मुलगी माझ्याकडे बघते. भाजी वाढते.

८ ऑगस्ट
शस्त्रक्रिया १९ तारखेला ठरली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी. सहा महिन्यांत ती कोर्टावर, हा माझा अंदाज. डॉक्टरांनी अंदाज दिला नाही, पण डॉक्टर लोक हातचं राखूनच बोलतात.

११ ऑगस्ट, सकाळी ११
सांगितलं. सामानाच्या खोलीत. बाई चेंडूत हवा भरत होत्या. त्यांनी पंप थांबवला नाही. चेंडू दगडासारखा कडक झाला तरी भरत राहिल्या. मग विचारलं, लॅपटॉपचा पासवर्ड काय. मी सांगितला. त्यांनी तो हातावर लिहून घेतला आणि म्हणाल्या, त्या पोरीला मी सगळ्यांसमोर बोलले. ते आता कुठे जाऊन परत घेऊ?
मग कॅप्टनला सांगितलं. ती भिंतीवर फटके मारत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, काका, तुम्ही खांदा म्हणालात म्हणून मी पंधरा दिवस हात बदलायला घेतला. आता जुना हात सापडत नाही. तिने आवाज चढवला नाही. परत भिंतीकडे वळली. दोन फटके बाहेर गेले. मी ते मोजले नाहीत.
घरी आलो. मुलीला म्हटलं, सांगितलं. ती बरं म्हणाली.
अंदाज: एक सामना जिंकला तरी पुरे.

१५ ऑगस्ट
संघ विमानतळावर गेला. माझ्या खुर्चीवर आता फिजिओ बसणार. निरोप द्यायला जायचा विचार होता, पाय निघेना. बूट मात्र घातले होते.

१९ ऑगस्ट
शस्त्रक्रिया झाली. पावणेदोन तास. बाहेरच्या बाकावर बायको आणि मी, मध्ये तिची पिशवी. डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल. मी विचारलं, आणि उडी? ते बायकोशी औषधांबद्दल बोलू लागले.

२१ ऑगस्ट
काल पहिला सामना. ३–० हार. टीव्ही मुलीच्या खोलीत, ती उशीला टेकून. मी दारात उभा. कॅप्टनचा फटका तिसऱ्यांदा जाळ्यात गेला तेव्हा मुलीने चादर तोंडावर ओढली. मला वाटलं, झोपली. बायकोने मला हाताने बाहेर जा म्हणून खुणावलं.
अंदाज बंद.

२४ ऑगस्ट, दुपारी ३
डॉक्टरांना पुढचं ठरवायला एक माहिती हवी आहे. दुखायला लागल्यापासून तिने किती उड्या मारल्या? फिजिओने त्यांना फोनवर सांगितलं, सगळ्या व्हिडिओंच्या प्रती तिच्या वडिलांकडे घरी आहेत.
तीन दिवस मोजतोय. सर्व्हिसच्या, ब्लॉकच्या, सगळ्या. काही अर्ध्याच होत्या, ती वर जाता जाता थांबली होती. त्याही धरल्या. प्रत्येक उडीनंतर ती डाव्या पायावर उतरते आणि क्षणभर कुणीच बघत नाहीये ना ते बघते. कोर्टामागे खुर्चीवर मी दिसतो. मान खाली, लॅपटॉपमध्ये.
एकूण २,३१८. दोनदा मोजल्या. एकही कमी केली नाही, एकही वाढवली नाही. कागदावर लिहून तिच्या खोलीत नेला. तिने वाचला, घडी घातली. मी म्हटलं, बरोबर आहे. तिने कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाली, डॉक्टरांना देण्याआधी आईला एकदा मोजायला सांगा.
बायकोला व्हॉलीबॉलमधलं काही कळत नाही. चष्मा लावून बसली आहे. बोटांवर मोजते आहे. पहिल्याच व्हिडिओवर आहे.