कुंपणाच्या बिलावरचं नाव

मी ठकुबाई, गेनबा मळेकर यांची विधवा, वय अंदाजे साठ, धंदा शेताची कुंपणं घालणे व दुरुस्त करणे, राहणार भोंगवली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी भरीस घातलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण लिहायला ते लागत नाहीत.

कलम १. राहतं घर लेक फुलाबाई व जावई मानसिंग या दोघांचं. परसातल्या कुंपणाची तार तीन ठिकाणी तुटली आहे. लोकांची कुंपणं नीट करण्यात आमचं राहिलं. माझ्या दहाव्याच्या आत ती बांधावी, नाहीतर पाहुणे हसतील.

कलम २. पहार, कुदळ व दोन्ही पकडी मानसिंगला. खड्डा त्याच्यासारखा कोणी खणत नाही. मात्र वसुलीला त्याला पाठवू नये. मागच्या साली कापूरहोळला बिल घेऊन गेला आणि गिऱ्हाइकालाच तंबाखू देऊन परत आला.

कलम ३. बिलांची वही, दौत व टाक फुलाबाईला. तिच्याच पाटीवरून मी अक्षरं शिकले. मालक हिशेब डोक्यात ठेवत, आणि गिऱ्हाइकं तो तिथंच राहू देत. म्हणून मी लिहायला बसले. त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, तशी रीत नव्हती. पण बिलावर लिहावं लागे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी प्रत्येक बिलावर मी ‘गेनबा मळेकर’ लिहीत आले. लोक म्हणतात, म्हातारीची सवय. सवय नव्हे. तोंडानं घेता आलं नाही ते हातानं घेत होते.

कलम ४. हे माझ्याबरोबर थांबावं. यापुढे बिल फुलाबाईच्या नावाने निघेल. कारण चुलत दीर सावळाराम. त्यांच्या पेरूच्या बागेचं कुंपण दुरुस्त करून दोन वर्षं झाली. बिल साडेसात रुपये. मागायला गेले तर म्हणाले, “वैनी, बिल दादाच्या नावाचं हाय. दादा आला की त्याच्याच हातात देतो.”

मी म्हटलं, “भावजी, त्ये न्हाई यायचे. तुमी जाल तवा पैसे संगं न्या.”

हसले. चहा पाजला. पैसे दिले नाहीत. “मानसिंगच्या नावाचं करा, लगीच देतो. बाईच्या नावाचं बिल म्या घेतलं तर गाव काय म्हनंल?”

माप फुलाबाई घेते, तार ती ताणते, बिल ती लिहिते. आज भावजी नाही म्हणाले तर उद्या दहाजण म्हणतील आणि माझ्या लेकीचा धंदा बसेल. म्हणून ते बिल तिच्या नावाने नव्याने लिहून या कागदाला जोडलं आहे, आणि साक्षीला भावजींनाच बोलावलं आहे. त्यांच्यावर राग नाही. मालकांना खांदा देताना सगळ्यांत जास्त तेच रडले होते.

मुक्काम भोंगवली, तारीख ९ फेब्रुवारी १९३९.
सही: ठकुबाई मळेकर

साक्षीदार:
१) गंगाधर आपटे, शाळामास्तर. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली.
२) सावळाराम मळेकर. सगळं वाचलं. फुलाबाईच्या नावाचं बिल घेतलं. दोन खांब जुनेच वापरले होते, त्यांचा एक रुपया वजा करून साडेसहा रुपये आत्ता दिले.

एक रुपया वजा होणार नाही. — फुलाबाई