चाकांवरच्या खोलीतली ऊब

१२ डिसेंबर १९८८, सोमवार

श्री गजानन प्रसन्न. आज नव्या घरी आलो. घर म्हणावं की गाडी, ते देवालाच ठाऊक. खाली रबरी चाकं, वर पत्र्याची खोली. आत समोरासमोर दोन बाक, एक खिडकी, चिमुकला ओटा. साबणाच्या खोक्याला लाल कापड लावून मी देव्हारा केला. हे बोअरिंगच्या कॅम्पवर फोरमन. जिथं जमिनीला भोक पाडायचं तिथं ट्रॅक्टर ही खोली ओढून नेतो. सध्या इचोड्याच्या पुढं, सडकेपासून आत, कापसाच्या पऱ्हाटीच्या वावराला लागून उभी आहे. भाडं नाही, वीजही कंपनीच देते. लेक चिमी सहा महिन्यांची, तिला काय कळतं, पण चाकं पाहून खुदकन हसली. मला तर माहेरपणाला आल्यासारखं वाटलं.

१४ डिसेंबर, बुधवार

थंडी फार. रात्रभर पत्रा गार होतो आणि पहाटे आतून पाणी गळतं. आत कोळशाची शेगडी पेटवायची नाही अशी कंपनीची सक्त ताकीद आहे. का, ते कुणी सांगत नाही. चूल बाहेर, ती दुपारीच विझते. म्हणून वायरमन दौलतला विचारलं, विजेवर काय काय चालेल. तो म्हणाला, मातीच्या थाळीत कॉइल बसवलेली शेगडी भरपूर तापते, पण उघडी तार, लेकराचा हात गेला तर संपलं. चकचकीत पत्र्यापुढं सळी असलेला हीटर बरा, मात्र समोर बसेल त्यालाच ऊब, पाठ गारच. मोठा बल्ब खोक्यात ठेवून बाकाखाली सारला तर अंथरूण तेवढं कोमट राहील. आणि दोन वस्तू एकदम लावू नका, वायर पातळ आहे, फ्यूज जाईल. मी सळीचा हीटर घेतला. बाकांमागं गोणपाट ठोकलं, त्यावर जुन्या साड्या. खोली जरा माणसात आली.

१५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, खीर केली. दिवा लावला आणि दारात एक बाई उभी. भरल्या कपाळाची, माझ्याच वयाची, हातात रिकामी लोखंडी शेगडी. गाल असे लाल की नुकती चुलीपुढून उठून आली असावी.

ती म्हणाली, "बाई, थोडा इस्तू द्या. लेकरू गारठलं माझं."

दिवेलागणीनंतर घरातला विस्तव बाहेर देत नाहीत, त्यात गुरुवार. पण सवाष्ण दारातून विन्मुख कशी धाडायची? मला तर लक्ष्मीच आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "विस्तव नाही देता येत. तुम्ही आत या, शेकून जा."

तिनं शेगडी दाराबाहेर ठेवली. मग आत आली. हळदीकुंकू लावताना कपाळ बर्फासारखं लागलं. लेकरासाठी पितळी पातेलीत खीर दिली. नाव विचारलं, तर मनकर्णा.

१९ डिसेंबर, सोमवार

मनकर्णा रोज दिवेलागणीला येते. हीटरपुढं बसते. बाळाला आणा म्हटलं, तर म्हणे निजलं आहे. रोज तेच. हे कामावरून परतायच्या आधी ती गेलेली असते. सळी लालभडक असते, पण ती बसली की ऊब माझ्यापर्यंत पोचत नाही. ती उठून गेल्यावर बाकाला हात लावला, गारठ्यानं हात आखडला. पातेलीची आठवण केली, तर म्हणाली रिकामी कशी परत करू. बरोबरच आहे, आपल्यातही कुणाचं भांडं रिकामं धाडत नाहीत.

२४ डिसेंबर, शनिवार

चिमीला खोकला. मी दमले. दिवसा ओली गोणपाटं वाळवायची, संध्याकाळी पुन्हा ठोकायची. हीटरच्या जोडीला खोक्यात बल्ब लावला तर फ्यूज गेला. दौलत फ्यूज बांधता बांधता म्हणाला, वहिनी, हा हीटर दिवसभर लावला तर या खोलीत भाजून निघायला पाहिजे. मग आम्ही कुडकुडतो का? यांना सांगितलं. हे म्हणाले, तुला झोप नाही म्हणून असं वाटतं.

२९ डिसेंबर, गुरुवार

घट कसाबसा मांडला. डोकं दुखतं. मनकर्णा आता माझ्या बाकावर बसते, चिमीच्या उशाशी. तिचे गाल पाहून मला हेवा वाटला. माझ्या लेकीचे ओठ निळसर, हिच्या गालांवर एवढी लाली कुठून?

२ जानेवारी १९८९, सोमवार

हे मशीनचा भाग आणायला बेल्लमपल्लीला गेले. शुक्रवारी येणार. कॅम्पच्या स्वयंपाकाला सखूबाई आहे, तिला सहज विचारलं, मनकर्णा कोणत्या झोपडीत राहते. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

म्हणाली, पहिल्या फोरमनची बायको ती. हीच खोली. तेव्हा वीज नव्हती. थंडीत पेटती शेगडी आत घेतली, खिडकीत गोणपाट कोंबलं. सकाळी दार फोडलं तर मायलेकरं निजल्यासारखी, गाल लाल; कोंडलेल्या कोळशाच्या वायूनं निजेतच गेली होती. कंपनीनं खोलीला रंग मारला अन् पुन्हा धाडली. तेव्हापासून इथं जो राहील त्याच्या दारात ती इस्तू मागते. कुणी देत नाही, ती निघून जाते.

मग मला म्हणाली, "बाई, तुमी तिले आत काऊन घेतलं?"

३ जानेवारी, मंगळवार

दिवेलागणीआधीच कडी लावली. देवापुढं बसून राहिले. दारावर टकटक. उघडलं नाही. बाहेरून एवढंच म्हणाली, पातेली द्यायची राहिली. मी म्हटलं, ठेवून घ्या, मला नको.

४ जानेवारी, बुधवार

आज टकटक नाही. चिमीची छाती घरघरते. सखूबाई तिच्याकडं चला म्हणते. पण तिचा कुडाचा आडोसा, चारी बाजूंनी वारा. हीटर इथंच आहे. जाऊ की राहू — सुचत नाही. उद्याचा दिवस काढायचा, परवा हे येतील.

५ जानेवारी, गुरुवार

शेवटचा गुरुवार. दुपारपासून वीज नाही. दौलत म्हणाला तार तुटली, संध्याकाळपर्यंत येईल. सखूबाई जेवणं उरकून घोंगडी घेऊन येते म्हणाली. तोवर मी अन् चिमी. खिडकीत गोणपाट कोंबलं. वारा थांबला पाहिजे. कडी लावली.

दिवा लावला. टकटक नाही. देवानं ऐकलं —

ऊब आली. वीज आली वाटतं. बरं वाटतं, किती दिवसांनी पाठीला ऊब. चिमीचा खोकला थांबला, गाढ निजली —

पण बल्ब लागलेला नाही. सळी काळी —

डोकं जड. लिहीत राहिलं तर झोप येणार नाही, म्हणून लिहिते. देव्हाऱ्यातला दिवा बारीक झाला. तेल तर आहे —

चिमीचे गाल लाल. छान लाल —

खिडकीत गोणपाट. मीच कोंबलं. माझ्या हातानं —

बाकाखाली माझी पितळी पातेली. निखाऱ्यांनी भरलेली.

कडी आतून तशीच आहे. ती समोर बसली आहे. चिमी तिच्या मांडीवर. म्हणते, "रिकामी नाही आणली, बाई."

पाय उचलत नाहीत. आधी गोणपाट ओढते. नाही — आधी चिमी. चिमीला घेऊन दार —