पुढची खोली धाकट्याची

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, दोन भावांची थोरली बहीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. हृदय अधू झालंय, डोकं नाही. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे.

१. हे राहतं घर माझ्या शिलाईच्या कमाईचं आहे. माझ्या पश्चात ते संपूर्णपणे धाकट्या भावाचं. सरकारी गाड्यांच्या आगारातलं डिझेल चोरल्याबद्दल तो शिक्षा भोगतोय, उद्या सुटतोय. "अक्का, तुझ्यामागे त्याला या दारात उभं करणार नाही," असं मधला भाऊ माझ्या तोंडावर म्हणाला. म्हणून हा खटाटोप.

२. धाकट्यानं चोरी केली. चोरीला मी चोरीच म्हणते. पण ती त्याला शिकवली कुणी, तेही लिहिते. उभ्या गाड्या कागदावर पळवायच्या आणि उरलेल्या डिझेलचे कॅन संध्याकाळी वाटून घ्यायचे, ही आगाराची रीत. कॅन न घेणारा तो चुगलखोर. त्याच्याशी कुणी बोलत नसे. धाकट्यानं दोन वर्षं डबा एकट्यानं खाल्ला. घरी तरी सुख होतं का? त्याचं लग्न ठरताना नवऱ्यामुलीच्या मामांनी विचारलं, "पगार कळला, वरचं किती?" मधला हसून म्हणाला, "शिकेल हळूहळू." शिकला!

३. धाकट्यानं त्या वरच्या पैशातून मला आणलेला सोफा जप्तीवाल्यांनी जुना म्हणून सोडला. मी त्यावर कधी टेकले नाही. "त्यानं घराण्याच्या तोंडाला काळं फासलं" हे मधल्यानं त्याच सोफ्यावर रेलून सांगितलं. त्याला तो फार मऊ लागतो, तर खुशाल न्यावा.

४. बँकेतल्या ठेवीतून धाकट्याची सरकारी वसुली फेडावी. शिवणयंत्र त्याच्या मुलीला. पोरी, तुला बघायला आलेल्यांनी 'वरचं' हा शब्द काढला, तर त्यांना चहासुद्धा विचारू नकोस.

५. मधल्याला हे मृत्युपत्र मान्य नसेल, तर त्यानं कोर्टात जावं. मात्र तिथे शपथेवर सांगावं, की त्याचा टेम्पो सहा वर्षं कुणाच्या डिझेलवर धावला. भावाला पकडलं तेव्हा हा हात झटकून मोकळा झाला. त्याचा मला संताप आहे, आणि तो मी सोबत नेणार आहे.

६. धाकट्यालाही एक अट. पुढच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून राहायचं. एवढे दिवस कुठे होतास असं कुणी विचारलं, तर "बाहेरगावी" म्हणायचं नाही. तुरुंगात होतो म्हणायचं, आणि मान वर ठेवून कामाला लागायचं.

ठिकाण: याच घरी, शिवणयंत्रापाशी.
तारीख: धाकटा सुटण्याच्या आदल्या दिवसाची.
सही: थोरली बहीण

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई.

साक्षीदार दुसरी: मधल्याची बायको. मी बोलावलं नव्हतं, आपणहून आली. म्हणाली, "अक्का, कोर्टात विचारलं तर मीही खरं तेच सांगेन. यांना सांगूनच आलेय. द्या पेन."