ल्यूबाईंचं शून्य

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार

रेघ दहा सेंटिमीटरची. बाईंनी खूण केली तेराव्यावर!

म्हणजे रेघेवर नव्हेच. रेघ संपली, कागद संपला, पेन्सिल टेबलाच्या लाकडावर उतरली. मी म्हटलं, रुखमाबाई, हद्दीत राहा. तर म्हणतात, "दुखणं हद्दीत राहते का गा?" कन्हानच्या शेतकऱ्याची बाई, सत्तरीची. टेबलासकट मोजून घेतलं.

डॉ. बोकारे यांच्या दवाखान्यात आज माझा पहिला दिवस. छत्तीस वर्षं सरकारी मोजणीत काढली, ऑगस्टात निवृत्त झालो, घरात बसून कौशल्येचा जीव खाल्ला. डॉक्टर गुडघेदुखीवर एक नवी गोळी तपासून पाहताहेत. त्यांना अक्षर सरळ आणि माप पक्कं असलेला माणूस हवा होता. काम असं — रोग्यापुढे एक रेघ ठेवायची. डावं टोक म्हणजे मुळीच दुखत नाही, उजवं म्हणजे सोसवत नाही. त्यानं मध्ये कुठेतरी खूण करायची, मी पट्टी लावायची. झालं! ते त्याचं दुखणं. सहा आठवडे गोळ्या, दर पंधरवड्याला पुन्हा रेघ.

जन्मभर जे डोळ्यांना दिसतं ते मोजलं. जे दिसतच नाही ते मोजायची युक्ती ज्या कुणाला सुचली त्याच्या पाया पडावंसं वाटतं. कौशल्येला सांगितलं तर म्हणाली, "आता गुडघ्यांचे नकाशे काढा, आन् भिंतीवर लावा."

४ ऑक्टोबर

आज नऊ जण. एकाला पन्नास फूट चालायला सदुसष्ट सेकंद लागले, पण वाटेत एकदाही थांबला नाही. घड्याळ धरून मीच श्वास रोखला होता.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

फसलो! आणि फसवलं कुणी, तर रुखमाबाईंनी.

छापील कागदावर एकेक प्रश्न आहे, प्रत्येकाला वेगळी रेघ. जिना चढताना दुखतं का? रुखमाबाईंची खूण — शून्य. मी चकित. ज्या बाईचं दुखणं टेबलावर सांडतं, तिला जिन्याचा त्रास नाही? विचारलं. "जिन्यानं काहून दुखल? आमच्या घरी जिना हायच कुठं!" पुढचा प्रश्न टबात उतरण्याचा. टब म्हणजे काय ते मी हातवारे करून सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. "म्हैस बसते वं तशी!" प्रेमिलाबाईला म्हणाल्या. प्रेमिला इथली नर्स, तीही हसत सुटली. मोटारीत चढणं — शून्य. पायमोजे चढवणं — शून्य. खाली बेरीज केली तर बाई ठणठणीत!

कागद विलायतेहून आलेला, त्याचा काय दोष. डॉक्टर, प्रेमिला आणि मी दुपारी बसलो आणि नवे प्रश्न केले. पाटावर बसून उठणं. मांडी घालून जेवणं. संडासला बसणं. चुलीपाशी उकिडवं बसणं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढणं हा प्रश्न माझा. डॉक्टरांनी मान्य केला, मला फार बरं वाटलं.

एक मात्र शिकलो. शून्य दोन तऱ्हेचं असतं. दुखत नाही म्हणून, आणि करतच नाही म्हणून. पडीक जमिनीत पीक बुडत नाही, तसं.

११ ऑक्टोबर

हाँगकाँगहून शनिवारी पाकीट आलं! आत तोच कागद, पण चिनी अक्षरांत. किती सुंदर अक्षरं — एकेक अक्षर म्हणजे खिडक्यादारांसह घर. डॉक्टरांचे शिकतानाचे एक मित्र तिथे तीच गोळी तिथल्या चिनी रोग्यांवर तपासताहेत. त्यांनी विचारलंय, तुमच्या गावात चिनी माणसं आहेत का? आहेत ना! गावातल्या सदर भागात थोडी कुटुंबं आहेत — कुणाचे बूट, कुणाचा दातांचा दवाखाना, कुणाचं केस कापायचं दुकान. रेघ तीच, गोळी तीच, रक्त तेच, पण जन्म वरणभात खाण्यात गेलेला. आकडे जुळतात का, एवढंच पाहायचं. पाच जण तयार झाले.

त्यातल्या ल्यूबाई आज आल्या. वय बासष्ट. सदरला नवऱ्याचं बुटांचं दुकान, चामड्याची शिलाई ह्या करतात. पाय गुडघ्यात इतके बाकलेले की मधून घागर जाईल. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला, म्हणाले, हाडावर हाड घासतंय, दोन्हीकडे. मी मोठ्या ऐटीत चिनी कागद पुढे केला. त्यांनी उलटा पाहिला, सुलटा पाहिला. "ये मेरे को नहीं आता, साहब. मैं कलकत्ते में पैदा हुई."

मग हिंदीतून मीच विचारलं. बसताना? "ठीक है." उठताना? "ठीक है." संडासला? "सब ठीक है." रेघ दिली. पेन्सिल अगदी जपून डाव्या टोकावर टेकवली. शून्य! पन्नास फुटांना चौतीस सेकंद लागले आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब. तरी — "कोई तकलीफ नहीं, साहब."

१४ ऑक्टोबर

ल्यूबाईंना परत बोलावलं. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला. दोनदा शून्य. उकिडवं बसता का विचारलं, तर हो म्हणाल्या, म्हणजे हे रुखमाबाईंचं शून्य नव्हे. मला राग आला. खोटी हद्द दाखवणाऱ्यावर यायचा तसा.

बाकीचे चार चिनी मात्र सरळ. दातवाले म्हातारबा ६.१. हाँगकाँगच्या पत्रात त्यांच्या वयाच्या लोकांचा आकडा पाच ते सात! समुद्रापलीकडचं दुखणं आणि सदरचं दुखणं एका पट्टीवर! तो आकडा लिहिताना अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

पण ल्यूबाईंचं काय करायचं? डॉक्टरांचा नियम पक्का — चारच्या खाली आकडा असेल तर नाव घ्यायचं नाही. नावं २१ तारखेपर्यंतच. नाव नाही तर गोळी नाही. आणि गोळीनं ज्यांना उतार पडणार नाही, फक्त त्यांच्यावर डिसेंबरात मुंबईचे सर्जन ऑपरेशन करणार आहेत. हाड तिरपं कापून पाय सरळ करतात म्हणे. या बाईंना ते मिळालं नाही तर दोन वर्षांत खाटेवर, असं डॉक्टर म्हणाले. एका शून्यापायी!

१८ ऑक्टोबर, मंगळवार

कसं लिहू.

सकाळी सदरला गेलो, त्यांच्या दुकानात. म्हटलं डोळ्यांनीच पाहावं. ल्यूबाई वीतभर उंचीच्या स्टुलावर बसून बुटाला टाके घालत होत्या. मला पाहून उठू लागल्या. एक हात टेबलाला, दुसरा भिंतीला. अर्ध्यात थांबल्या. डोळे मिटले. पुन्हा उठल्या. मी मनात मोजत होतो, सवयच — एकोणीस. एकोणीस सेकंद लागले उठायला! आणि उभ्या राहून हसल्या. "बोलो साहब."

मी चिडलोच. आप झूठ क्यों बोलते हो? मैं क्या आपका दुश्मन हूँ?

त्या आत गेल्या. नवरा काउंटरवर होता. त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "मेरी औरत आपको पहचानती है. बासठ में, चीन की लड़ाई के वक़्त, आप ही आए थे. फीता लेके."

मी म्हटलं, नाही. शक्य नाही. मी मोजलेला एकही तुकडा विसरत नाही!

"आपके साथ एक साहब थे. आपने दुकान नापी, वो साहब पूछते गए. कितने आदमी? कोई तकलीफ? इसने बोला, कोई तकलीफ नहीं. मैंने बोला, तकलीफ है, लोग काँच फोड़ते हैं. मेरा नाम लिख लिया. फिर मैं दो साल राजस्थान के कैंप में." त्यानं कात्री पुन्हा उचलली. "तबसे कागज़वाला पूछे तो ये बोलती है, सब ठीक है. और आप तो वही आदमी हो."

दुकानातून कसा बाहेर पडलो, आठवत नाही.

१९ ऑक्टोबर

पेटीतून १९६२ ची रोजनिशी काढली. सापडलं. जसंच्या तसं उतरवतो —

"१२ डिसेंबर. सदर. चिनी बुटांचं दुकान. १४ फूट बाय २२ फूट, मागे एक खोली. लाकडी साचे २११. बाईंनी आल्याचा चहा दिला. माणसं सभ्य. परतताना सायकल पंक्चर."

बस्स. एवढंच. माझंच अक्षर, सुरेख, एकही खाडाखोड नाही. पंक्चर लिहायला विसरलो नाही!

कौशल्येनं विचारलं, "काहून असे बसले?" सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले हुकूम होता." हो, होता. आणि माप बरोबरच घेतलं होतं. मग हे टोचतंय काय? एकवीस वर्षं ही बाई एक उत्तर सांभाळून आहे, आणि ते उत्तर इतकं पक्कं की दुखण्यालासुद्धा ते हलवता आलं नाही. मी थक्क झालोय. लाज वाटतेच, पण त्याहून थक्क झालोय.

२१ ऑक्टोबर

नावं घ्यायचा शेवटचा दिवस. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ल्यूबाईंचा कागद प्रेमिलाकडे दिला. मग म्हणाले, "मनोहरराव, मग तुम्ही बाहेर बसा."

बसलो. पडद्याआड प्रेमिलाबाईनं विचारलं. "माँजी, जितना है उतनाच बताना हाँ." ती पोरगी प्रत्येक रोग्याचा हात हातात घेऊन विचारते. पेन्सिलीचा आवाज ऐकू आला.

७.९! नाव घेतलं गेलं. रेघ बरोबर होती, गोळी बरोबर होती, कागदही बरोबर होता. चूक होती ती माझी खुर्ची.

२३ ऑक्टोबर, रविवार

माफी मागायला गेलो. पायरीवर उभा राहून दोन वाक्यं म्हटली, ती पाठ करून गेलो होतो. ल्यूबाईंनी टाका पुरा केला, दात लावून दोरा तोडला. "अभी क्या," म्हणाल्या. मग, "धूप में मत खड़े रहो. बैठो."

बसलो. त्यांनी दुसरा बूट शिवायला घेतला. अर्ध्या तासानं उठलो.

७ नोव्हेंबर

दिवाळीमुळे पंधरवडा तीन दिवस लांबला. ल्यूबाई ५.२. प्रेमिलाबाईनं सगळ्यांना चिवडा वाटला. रेघेची खोली आता तिची, चालण्याचं घड्याळ माझं — तिथे बोलावं लागत नाही. ल्यूबाईंना पन्नास फुटांना पुन्हा चौतीस सेकंद.

रुखमाबाई एक्केचाळीस सेकंदांवरून बावीसवर! दवाखान्याच्या फरशीवर मांडी घालून बसून दाखवलं. "पाहा गा, पाहा!" सगळे पाहत राहिलो. बोराएवढ्या गोळ्या आणि हा चमत्कार!

२१ नोव्हेंबर, सोमवार

ल्यूबाई ३.०. प्रेमिलाचे डोळे भरून आले. डॉक्टर हाँगकाँगला पत्र लिहायला बसले. निम्म्याहून जास्त उतार, म्हणजे ऑपरेशनची गरज नाही.

पण माझ्या घड्याळात पस्तीस सेकंद! ओठावर तोच घाम. डॉक्टरांना म्हटलं, चाल सुधारली नाही. ते म्हणाले, "दुखणं त्यांचं, आकडा त्यांचा. घड्याळाला काय कळतं?" बरोबर आहे. कोणत्या तोंडानं वाद घालू? मी या बाईंवर एकदा शंका घेतली, तेवढी पुरे झाली. शेवटची रेघ २ तारखेला. तोही आकडा असाच आला तर सर्जन त्यांना न पाहता परत जातील.

आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

ल्यूबाईंनी प्रेमिलाला बाहेर पाठवलं आणि मला आत बोलावलं. मला!

पेन्सिल घेतली. मी पट्टी लावली. ८.६. म्हणजे ऑपरेशन होणार. डॉक्टरांनी लगेच कागद लिहिला.

मी म्हटलं, पण नर्सला तर तीन सांगितलं होतं?

"वो लड़की इतना प्यार से पूछती है. दवा काम नहीं करती बोलूँगी तो उसको बुरा लगेगा." मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमको लगा तो लगने दो."