आप्पांचं काळं प्यादं

९ नोव्हें. ९७, रवि.
मुरबाडला जाऊन आले. आप्पांना अर्धांग झालं ते पावसाळ्याआधी. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दादा डोंबिवलीहून आला होता. आईआप्पांना कायमचं तिकडे न्यायचं, इथल्या घराला कुलूप घालायचं म्हणतो. हे सगळं आप्पांच्या समोरच. ते जणू भिंतीला टेकवलेलं भाताचं पोतं.
मी म्हटलं, त्यांना विचार की.
"कोणाला विचारू? त्यांना आता काय कळतंय, सुमे?"
राग आला.
निघताना आप्पांच्या उशाशी बुद्धिबळाचा पट दिसला. सहा सोंगट्या मांडलेल्या. आई म्हणाली, "डाव्या हातानी मांडतात. रोज तोच. मी उचलला का परत तसाच." कागदावर उतरवून आणलंय.

११ नोव्हें., मंगळ.
शहापूर. दुकानात ब्लाउजचा ढीग, लग्नं आली तोंडावर. दुपारी शिलाई मशीनवरच पट मांडला. काळा राजा कोपऱ्यात. त्याच्याजवळ पांढरा राजा, उंट, एक प्यादं. हे तर कोडं! बघता बघता सुटलं. उंटाचा शह, राजा बाजूच्या घरात, प्यादं एक घर पुढे, मात! तीही प्याद्याने. काय देखणी!
पण पटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी दोन प्यादी. एक काळं, एक पांढरं, नाकाला नाक लावून. दोघांनाही हलता येत नाही. करतायत काय तिथं?
मी स्वतः कोडी रचते, त्यातली चार एका साप्ताहिकात छापूनही आलीत. माझी परीक्षा एकच. एकेक सोंगटी उचलून बघायची. तिच्यावाचून कोडं तसंच उभं राहिलं तर ती फुकटी. ब्लाउजला आत जास्तीची शिलाई ठेवावी, कोड्यात नाही.
दोन्ही प्यादी उचलली. मात तशीच, तेवढ्याच चालींत. म्हणजे ती चुकून राहिलीत. म्हणजे दादा म्हणतो ते…
नको.

१३ नोव्हें., गुरु.
परत बसले. आता एकेकटं काढून.
नुसतं पांढरं काढलं तर काळं मोकळं होतं. मग उंट न हलवता राजाजवळचं प्यादं आधी पुढे घातलं तरी चालतं. काळा त्या मोकळ्या प्याद्याची चाल करतो, आणि मग उंटाने मात. एरवी तिथं काळ्याला चालच उरत नाही, डाव कोंडतो, बरोबरी. म्हणजे पांढरं काढलं की कोड्याला दोन उत्तरं. दोन उत्तरं म्हणजे कोडं मेलं. तेव्हा काळ्याला धरून ठेवायला पांढरं हवंच. एवढं आप्पांना दिसलंय!
पण मग काळं कशाला? तेच नसतं तर पांढऱ्याचीही गरज नाही. सगळं त्या एका प्याद्यापाशी अडतंय. त्याला कारण असेल तर आप्पा शाबूत आहेत. नसेल तर दादाचं खरं.
ह्यांना सांगितलं. म्हणे, "आजारी मानूस, मांडला असंल असाच." ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१६ नोव्हें., रवि.
मुरबाड. दादा पुढच्या रविवारी टेम्पो आणणार. आईने भांडी बांधायला काढलीत.
आप्पांच्या समोर पटावर बसले, जन्मात पहिल्यांदा. पूर्वी भातगिरणीच्या ओसरीवर त्यांचा डाव रंगायचा, भरडायला आलेले सगळे भोवती. मुलींना तिथं थारा नव्हता. मी लग्नानंतर पुस्तकावरून शिकले.
त्यांच्या डोळ्यांत बघत काळं प्यादं उचललं.
आप्पांनी डावा हात पुढे केला. माझा हात धरला, हलवला, आणि चिडून तोंड फिरवलं. मला वाटलं, निरोपच देतायत. रडू आलं.
आई भांड्यांतून ओरडली, "अगो, ठेव तो परत! बुर्जी केलीस ना!"
"काय केली?"
"एकटा राजा उरला का बुर्जी. डाव तिथंच मिटला. कोन जिकला नाय, कोन हरला नाय. हात मिलवायचा नि उठायचा. मी चा घेऊन जायची तवा रोज आयकायची."
अंगावर काटा आला. आमच्या पुस्तकात हा नियमच नाही! आप्पांच्या जुन्या डावात आहे. काळ्याकडे राजाशिवाय काहीतरी हवंच, नाहीतर मात होण्याआधीच सगळं बरोबरीत संपतं. ते प्यादं तिथं नुसतं असायला आहे. आणि ते असावं पण हलू नये, म्हणून समोर पांढरं. सहाच्या सहा लागतात. फुकटं कोणी नाही.
बोलता येत नाही, अर्धं अंग आपलं नाही, आणि हे सगळं डोक्यात रचलं. मी पाया पडले. दुसरं काही सुचेना. प्यादं परत ठेवलं तेव्हा हसले, अर्ध्या तोंडाने.

१७ नोव्हें., सोम.
अजून त्यातच आहे. एका बाईच्या बाहीचं माप दोनदा घेतलं. असं एक जरी कोडं मला जमलं तरी पुष्कळ.
दादाला बूथवरून फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, "सोंगट्यांवरून माणूस ठरवतेस?"
"हो. तू कशावरून ठरवलंस?"
फोन ठेवला त्याने.

२३ नोव्हें., रवि.
मुरबाड. टेम्पो दारात. दादाला पटापाशी ओढूनच नेलं, सगळं दाखवलं. त्याला खेळातलं फारसं कळत नाही. पण शेवटपर्यंत बघितलं. मग आप्पांच्या तोंडाकडे बघून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, विचारलं, "आप्पा, डोंबिवलीला येता? का हितंच ऱ्हायचं?"
आप्पांनी पट मोकळा केला. डाव्या हाताने नवीन मांडायला लागले, सावकाश. घोडा. हत्ती. तीन प्यादी. काळा राजा. दादा घड्याळ बघत नव्हता, हे लिहून ठेवते. मग आप्पा थांबले. पटावर पांढरा राजाच नाही.
दादाने माझ्याकडे बघितलं. मी चादरीत, उशीखाली शोधायला लागले.
तेवढ्यात आईने दाखवलं. राजा आप्पांच्या डाव्या मुठीत होता, घट्ट धरलेला.
टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. दादा खाली मांडी घालून बसलाय. "कुठं ठेवायचा, आप्पा?" दुसऱ्यांदा विचारलं त्याने. मूठ अजून उघडलेली नाही.