चिक्कीचा पुडा

आई,

परवा गावी गेले होते. आता जीप थेट आपल्या दारापर्यंत येते. माझ्या भाच्याची बायको तेव्हाच लेकीला घेऊन लोणावळ्याहून परतली होती. तिच्या पिशवीत वरच चिक्कीचा पुडा दिसला आणि मी समजले. आपल्या घरात चिक्की कशासाठी येते, ते मला कुणी सांगायला नको.

लहानपणी मला फिट यायच्या त्या पहाटे, अंथरुणातच, म्हणून बाहेर कुणाला कळलं नाही. दर महिन्याला तू मला घेऊन बांधाबांधाने एसटीपर्यंत चालतेस, लोणावळ्याच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणतेस आणि पिशवीत गोळ्यांवर चिक्कीचा पुडा ठेवतेस. विहिरीवरच्या बायका विचारतात, कुठं गेलतीस? लेकीला चिक्की लागती, ऐकत न्हाई, असं म्हणून तू सगळ्यांना एकेक तुकडा देतेस. लय हावरी हाय बाई, हिची सासू उपाशी मरंल, असं त्या म्हणतात आणि तूही हसतेस. घरी येऊन मी रडले, तेव्हा तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "हावरीचं लगीन होतं. त्या दुखण्याचं होत न्हाई."

कॉलेजला जाण्याआधीच माझ्या गोळ्या सुटल्या. हावरी हे नाव मात्र लग्नाच्या मांडवापर्यंत आलं.

भाचेसुनेला पुड्याची युक्ती वहिनीने शिकवली, वहिनीला तू. पण या मुलीला दिवसाही फिट येते आणि शाळेत कुणालाच ठाऊक नाही. वर्गात फिट आली तर चप्पल हुंगवतील, दातांत चमचा घालतील, असं मी म्हटलं. भाचेसून म्हणाली, "आत्या, गावात कळलं तर पुढं हिला कोण करून घेईल?"

तेवढ्यात शेजारची म्हातारी मावशी ओट्यावर येऊन टेकली. तुझ्या हातचे तुकडे तिने पुष्कळ खाल्लेत. भाचेसुनेने दिलेली चिक्की गालात धरून म्हणाली, "ही बी तुझ्यावानी हावरी निगाली."

"हावरी नाही, मावशी. तिला फिट येते. मलाही यायची, गोळ्यांनी थांबली."

मावशीने चिक्की या गालातून त्या गालात सरकवली. मग म्हणाली, "म्हंजी तुझी आय आमाला उगाच चिक्की चारीत व्हती व्हय?"

भाचेसून संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. सकाळी लेकीची वेणी घालताना मान वर न करता म्हणाली, "आत्या, शाळेत तुमीच चला. मला बोलता यायचं न्हाई." गेलो. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, एवढं बाईंना सांगितलं. बाईंनी मलाच दोनदा विचारून घेतलं. भाचेसून दाराशी उभी होती, शेवटी आत येऊन गोळ्यांची वेळ तिनेच सांगितली.

तू चुकलीस असं मी म्हणणार नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं.

तू तर आता नाहीस, मग हे पत्र टाकायचं कुठे? निघताना भाचेसुनेने मलाही एक पुडा दिला, त्याच्याखाली राहील. एक मात्र तुला कधी बोलले नाही. चिक्की मला खरंच आवडायची, आणि तू सगळी वाटून टाकायचीस.