बेट चाललंच पाहिजे

४ मार्च, मंगळवार

भंगार म्हणाला! माझ्या तोंडावर!

"मॅडम, नवं विंडोज यावर चढणार नाही आणि जुन्याला आता कोणी विचारत नाही. मशीन भंगारात द्या, नवीन घ्या." हे सांगताना दुकानवाल्याने माझ्या लॅपटॉपकडे नीट बघितलंसुद्धा नाही. एक डोळा मोबाइलवरच्या मॅचवर.

मशीन काखोटीला मारलं आणि घरी आणलं. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते मी. बसत नाही म्हणून आजवर एकही फेकली नाही. घासायची, लावून बघायची, परत घासायची. पेशंटला कोणी सांगतं का, कवळी बसत नाही तर तोंड बदलून या म्हणून?

५ मार्च, बुधवार

विंडोज काढून लिनक्स टाकलं. लॅबमधला दातांचा स्कॅनर त्याच्यावरच चालतो, म्हणून नाव ओळखीचं होतं. फुकट असतं, आणि जुन्या मशीनला नाक मुरडत नाही. पंख्याची घरघर थांबली. मशीन एकदम तरणंताठं झालं.

पण 'बेट' चालेना. कसं चालणार? खेळ विंडोजसाठी बनवलेला. लिनक्सला त्याचं बोलणंच कळत नाही.

बाकी काहीही बंद पडलं असतं तरी मी हू का चू केलं नसतं. बेट नाही! धाकटी लग्न होऊन गेली तेव्हापासून आम्ही दोघी बहिणी खेळतो. पडद्यावर एक बेट, त्यावर दोन बायका. लाल टोपीची मी, पिवळ्या टोपीची ती. मासे पकडायचे, बोटीचा धक्का दुरुस्त करायचा, वादळ आलं की बोट आत ओढायची. खाली एक पट्टी असते, तिच्यात लिहून बोलायचं. फोनवर धाकटी "बरी आहे, तुम्ही बऱ्या ना" याच्यापुढे जात नाही. बेटावर मात्र तोंडाचा पट्टा चालू! माझी लॅब तीनला सुटते, तिचा नवरा सहाला येतो. मधला वेळ आमचा.

आई म्हणाली, "चाळिशी उलटली तरी खेळ सुटेना. फोन आहे ना घरात? कर की फोन!"

करून बघितला. "बरी आहे. तुम्ही बऱ्या ना."

८ मार्च, शनिवार

शोधता शोधता कळलं की विंडोजचा खेळ लिनक्सवर चालवायला मधे एक दुभाष्या बसवावा लागतो. तो खेळाचं म्हणणं लिनक्सला समजावून सांगतो. त्याचं नाव वाईन. मी स्वतःशीच म्हणत होते, "आता वाईन आली की झालं—" आणि आई नेमकी दारात.

"खेळ कमी होता म्हणून आता हेही?"

समजावून सांगितलं. तिने मान हलवली, पण वास घ्यायला जवळ आली ती आलीच.

१० मार्च, सोमवार

खेळाच्या कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं: "आपली प्रणाली आम्ही स्वीकारत नाही. कृपया विंडोज वापरावे."

मी उलट लिहिलं: "परवानगी मागितली नव्हती. मदत मागितली होती."

१२ मार्च, बुधवार

खेळ उघडतो. नाव आणि पासवर्ड विचारायची चौकट येते — काळी ठिक्कर! कुठे टाइप करायचं ते दिसतच नाही.

दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये फोनवर तेच वाचत बसले होते. आमचे डॉक्टर मागून म्हणाले, "अहो, एवढी मेहनत कवळ्यांवर घ्या."

"घेते म्हणूनच तुमची लॅब चालते," म्हटलं.

मनात नाही. मोठ्याने! डॉक्टर चहा घेऊन आत गेले. मला जरा भीती वाटली. पण जराच.

१३ मार्च, गुरुवार

लिनक्सवाल्यांचा एक कट्टा आहे इंटरनेटवर. तिथे 'रिकामटेकडा' नावाने कोणीतरी वावरतो. त्याने उत्तर दिलं: "ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे. तो बदला आणि दुभाष्याची नवी आवृत्ती घ्या. शुभेच्छा नाही देत, लागणार नाहीत."

असा माणूस आवडतो मला.

१५ मार्च, शनिवार

चालला!! चालला, चालला, चालला!

लाटांचा आवाज आला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. दुकानवाल्याला बोलावून दाखवावंसं वाटलं. भंगार म्हणे!

धाकटीही होती. एरवी शनिवारी नसते, पण तिचा नवरा कुठे कामाला गेला असावा. पिवळी टोपी धक्क्यावर. मला बघून उड्या मारायला लागली. मग थांबली. आणि खालच्या पट्टीत तिचं लिहिणं यायला लागलं — नुसते चौकोन! अक्षर एक नाही. चौकोन, चौकोन, चौकोन, ओळीमागून ओळ. दुभाष्याला मराठी अक्षरं ठाऊक नाहीत.

मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: "मला चौकोन दिसतायत गं! इंग्रजीत लिही."

पिवळी टोपी धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. मग इंग्रजी अक्षरांत आलं, "काही नाही. जाळं ओढ."

ओढलं. पण मन लागेना. एवढे चौकोन "जाळं ओढ"चे नसतात.

१६ मार्च, रविवार

मराठी अक्षरांचा संच उतरवून दुभाष्याच्या फोल्डरमध्ये टाकला. आता मराठी दिसते, पण खेळ परत उघडला तेव्हा कालच्या ओळी गेल्या होत्या. मग मलाही मराठीत लिहिता यावं म्हणून कीबोर्ड मराठीवर टाकला आणि बटणांवर मराठी स्टिकर चिकटवले. एवढ्या खटपटीनंतर आता खेळ बंद करायचं धाडस नाही. परत उघडेल न उघडेल! मशीन चोवीस तास चालूच ठेवलंय. आईला बजावलं, पुसताना बटणाला हात लावायचा नाही.

१७ मार्च, सोमवार

आली नाही.

१८ मार्च, मंगळवार

आली नाही. एकटीने धक्का दुरुस्त केला.

२० मार्च, गुरुवार

आज आली.

"आता अक्षरं दिसतात," मी लिहिलं. "त्या दिवशी काय लिहिलं होतंस?"

"जाऊ दे गं. तेव्हा धीर झाला होता. आता नाही."

नवऱ्याचंच काहीतरी असणार. मी सरळ विचारलं.

"मारतो?"

"नाही! आवाजसुद्धा चढवत नाही."

"मग?"

मग थांबून थांबून एकेक ओळ आली. फोन त्याच्याकडे असतो. आम्ही फोन करतो तेव्हा तो शेजारी बसून ऐकतो. तिचा राजीनामा त्यानेच लिहिला, तिने फक्त सही केली. सकाळी ऑफिसला जाताना तिच्या सगळ्या चपला गाडीच्या डिकीत टाकून नेतो. हसत हसत! "कुठे जायचं असेल तर सांग, मी आहे ना."

चपला! मी ती ओळ परत वाचली.

"आणि बेट कसं चालतं त्याला?"

"खेळू दे म्हणतो. खेळते तर घरात राहते. त्याला वाटतं मी मासेच पकडते."

"इकडे निघून ये. आजच्या आज."

"घर आईचं आहे ताई. त्याला ती डोक्यावर घेते. दुसऱ्या दिवशी परत पाठवलं तर? मग मी कुठे जाऊ? आई ये म्हणाली तरच."

२१ मार्च, शुक्रवार

आईला सांगितलं.

"काहीतरीच! एवढा गुणी मुलगा! माझ्या ऑपरेशनला दवाखान्यात बसून राहिला होता."

"आई, चपला नेतो तो तिच्या!"

"खेळात कोणी काहीही लिहितं. कशावरून तीच होती? मला तर परवाच म्हणाली, बरी आहे."

"तो शेजारी बसून ऐकत असतो!"

"तुला संसार काय माहीत?"

हे नेहमीचं. मी लग्न केलं नाही, म्हणून मला कशावरच बोलायचा अधिकार नाही. एरवी सोडून देते. आज नाही सोडलं.

"नाही माहीत मला संसार. पण चपला ज्याच्या त्याच्या पायात असतात, डिकीत नसतात, एवढं माहीत आहे!"

आई ताटावरून उठून गेली. मीही जेवले नाही. मग रागारागाने जेवले. उपाशी राहून कोणाचं भलं होणार?

२२ मार्च, शनिवार

आई बोलत नाही. मीही नाही. एका घरात दोन भिंती.

डॉक्टरांकडे सोमवारची रजा मागितली. म्हणाले, सोमवारी तीन कवळ्या द्यायच्यात, मंगळवारी जा. ठीक. मंगळवार.

संध्याकाळी आईला ऐकवलं, "मंगळवारी मी तिला आणायला जातेय. तुला इथे नको असेल तर आम्ही दोघी भाड्याची खोली घेऊ. तू बस तुझ्या गुणी जावयाचं कौतुक करत."

ती पांघरुणाची घडी घालत होती. घडी मोडली, परत घातली.

२३ मार्च, रविवार

बेट रिकामं. रविवारी तो घरी असतो. नुसती लाटांकडे बघत बसले.

आई मागे येऊन उभी राहिली होती. "यातली ती कुठली?" तिने विचारलं. दोन दिवसांतले पहिले शब्द.

"पिवळ्या टोपीची. आज नाहीये."

"ती बोलली की कुठे येतं?"

खालची पट्टी दाखवली. ती डोळे बारीक करून बघत राहिली, मग झोपायला गेली.

बघितलं म्हणून काय झालं? मंगळवारी मी जाणार म्हणजे जाणार.

२४ मार्च, सोमवार

लॅबमधून आले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारणीकडे. "आई सकाळीच गेल्या पिशवी घेऊन. कुठे ते नाही सांगितलं."

बेट चालू होतं. माझी लाल टोपीवाली समुद्रात गळ्यापर्यंत उभी, कोणीतरी भलतीच बटणं दाबलेली. खालच्या पट्टीत सकाळचं बोलणं.

धाकटी: "ताई? आज घरी कशी? आई काय म्हणाली?"

त्याखाली, माझ्या नावाने: "मि आई आहे. ताई कामावर गेली. मला सांग"

मग धाकटीच्या ओळी. खूप. त्या इथे उतरवत नाही.

सगळ्यात शेवटी, पुन्हा माझ्या नावाने:

"ये. नाही थांब. मिच येते"